गारिंचा: आठवणींच्या बाजूने पुरावा

ब्राझीलचे चाहते गारिंचाला ‘लोकांचा आनंद’ म्हणत. वाकड्या पायांच्या या उजव्या विंगरवरचं त्यांचं प्रेम म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, हा आक्षेप १९६२च्या विश्वचषकापुढे टिकत नाही. पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. मग गारिंचाने उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडवर आणि उपांत्य फेरीत यजमान चिलीवर दोन-दोन गोल केले, आणि ब्राझीलने विश्वचषक राखला. पेले आणि तो एकत्र खेळले त्यांपैकी एकही सामना ब्राझील हरला नाही. अर्थात, निव्वळ आकड्यांवर त्याला मोजलं तर पेलेच मोठा ठरेल, हे मान्य. पण बचावपटूला चकवून, थांबून, पुन्हा चकवण्यातली त्याची मौज गोलफलकावर उमटतच नसे. ती प्रेक्षकांच्या आठवणीतच उरली. १९८३मध्ये त्याचं पार्थिव माराकाना स्टेडियमवर ठेवलं, तेव्हा अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले.