घटातले बी आणि कुशीचा प्रश्न

अश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसले, की मुंब्र्याच्या डोंगरावरील देवीच्या पायऱ्या आणि कल्याणच्या दुर्गाडीची वाट स्त्रियांनी फुलून जाते. शीळफाट्याहून या दोन्ही ठिकाणी जाता येते. म्हणून नवरात्रात खण-नारळाची तबके घेऊन निघालेल्या सुवासिनी येथे हमखास दिसतात. त्यांतील कित्येकींचे मागणे त्या मोठ्याने बोलत नाहीत. लग्नाला चार-पाच वर्षे लोटली, कूस अजून उजवलेली नाही.

देव्हाऱ्यातील घटाकडे पाहताना आम्हांला एका गोष्टीचे नवल वाटते. पत्रावळीवरील मातीत पेरलेले धान्य वेळेवर वर आले नाही, तर घरातील वडीलधारी माणसे बी किडके होते काय, पाणी अधिक झाले काय, माती कशी होती, असे सारे विचारतात. मूल झाले नाही, म्हणजे मात्र दोष केवळ मातीचा! सुनेची पत्रिका पाहिली जाते, तिचे उपास वाढतात, तिची ओटी भरावी की नाही याची कुजबुज होते. मुलाची एक साधी तपासणी करावी, हे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. या तपासणीस ना भूल लागते, ना शस्त्रक्रिया. 2 ते 7 दिवसांच्या संयमानंतर वीर्याचा नमुना दिला, की शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि घडण कळते. पहिला अहवाल निराशाजनक आला तरी खचू नये. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तपासणी पुन्हा करतात. तंबाखू आणि मद्य यांनी हानी होते. पिळदार शरीरासाठी व्यायामशाळेत टोचून घेतलेली संप्रेरके तर शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात. पौरुष दाखविण्याच्या हौसेची ही किंमत किती तरुणांना ठाऊक असते?

दुसरे अज्ञान दिवसांचे. बीजांडकोशातून बीज सुटते ते पुढील पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. पाळी 28 दिवसांची असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, पण 35 दिवसांची असेल तर एकविसाव्या. सुटलेले बीज फार तर एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे महिन्यातील सहा दिवसच काय ते फलदायी. शीळफाट्याच्या नव्या वसाहतींतून पती रात्रपाळीस तळोज्याला, पत्नी सकाळी ठाण्याला, आणि उरलेला वेळ फाट्यावरील वाहतूककोंडीत, अशा संसारात हे सहा दिवस कधी येतात नि जातात, कोणास कळत नाही. दिवस मोजत बसण्याचा ताण नको असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी संबंध असणे पुरेसे आहे.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास दोघांनी डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय 35 वर्षांपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. स्त्री जन्मतःच आपली सारी बीजे घेऊन येते आणि वयाबरोबर त्यांची संख्या व गुणवत्ता घटते, हे त्याचे कारण. अनियमित पाळी, थायरॉइडचा विकार, बंद गर्भनलिका ही कारणे नेहमीची. आपल्या देशात क्षयरोगही गर्भनलिकांत गुपचूप घर करतो. खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे मानू नये. नवस बोलू नये, असे आमचे म्हणणे नाही. देवीपुढे पदर पसरल्याने मनास बळ येते. परंतु नवसांमागून नवस करताना जी वर्षे जातात, ती परत येत नाहीत.

नवरात्राच्या निमित्ताने एका दुर्गेची हकिगत सांगितलीच पाहिजे. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिले परीक्षानलिका बालक जन्मले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, दुर्गापूजेच्या दिवसांत, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी एक कन्या जन्मली. तिला दुर्गा म्हणू लागले. सरकारी समितीने मात्र डॉक्टरांचा दावा फेटाळला. अवहेलना असह्य होऊन 1981 साली त्यांनी आपले जीवन संपविले. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना यश येऊन हर्षा जन्मली, आणि देशातील पहिलेपणाचा मान तिला मिळाला. तो मान मिळविणाऱ्या आनंदकुमारांनीच मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि 1997 साली जाहीर केले, की पहिले श्रेय कलकत्त्याचे. आपल्या हातचा मान असा दुसऱ्याच्या ओंजळीत घालणारे विरळा! हर्षा स्वतः 2016 साली आई झाली.

आज अशी केंद्रे गावोगावी निघाली आहेत. पुष्कळांचे काम औषधांनी वा छोट्या शस्त्रक्रियेनेही होते. परीक्षानलिकेचा मार्ग सर्वांस लागत नाही, आणि तो पहिल्या खेपेस यशस्वी होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. 2021 च्या कायद्याने या केंद्रांस नोंदणी सक्तीची केली आहे, स्त्रीसाठी 21 ते 50 आणि पुरुषासाठी 21 ते 55 अशी वयोमर्यादा घातली आहे, आणि मुलगाच हवा म्हणून लिंगनिवड करण्यास बंदी आहे. पैसे भरण्यापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, खर्चाचा तपशील लेखी मागावा, आणि पहिल्याच भेटीस पतीने पत्नीबरोबर जावे.