एकाच कॉम्प्युटरवर दोन-तीन डेटाबेस सर्व्हर कशाला?

पीएचडीच्या तयारीत असलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. लॅबच्या कॉम्प्युटरवर विंडोजची सर्व्हिसेसची यादी उघडली की 'एसक्यूएल सर्व्हर' दोन-तीनदा दिसतो. मग कोणीतरी म्हणतं, एक ठेवू, बाकीचे उडवू, मशीन हलकं होईल. जरा थांबा.

इन्स्टन्स म्हणजे डेटाबेस सर्व्हरची एक चालू प्रत. डेटाबेस म्हणजे माहिती, इन्स्टन्स म्हणजे ती सांभाळणारा. एका इन्स्टन्समध्ये अनेक डेटाबेस राहतात. पण दोन इन्स्टन्सची मेमरी, युजर-पासवर्ड आणि फाइलींचं फोल्डर वेगळं असतं. एकाच बिल्डिंगमध्ये खाली एक बँक, वर दुसरी, तसं समजा. पत्ता एक, पण खाती आणि तिजोरी वेगळी. लाइट गेली तर मात्र दोन्ही बंद!

समजा, वणी भागातल्या कोळसा खाणींजवळच्या विहिरींच्या पाण्यावर तुमचं काम आहे. पाणी तपासणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर येतानाच स्वतःचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस घेऊन येतं, तेही बऱ्याचदा जुनं व्हर्जन. तुमच्या नोंदींना नवं व्हर्जन हवं. दोन इन्स्टन्स असले की एकाला अपडेट करताना दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि यंत्राच्या डेटाचा ॲडमिन पासवर्ड सगळ्यांना द्यावा लागत नाही. आता 'जास्तीचा' म्हणून यंत्राचा इन्स्टन्स काढला, तर सॉफ्टवेअरला स्वतःचा डेटाच सापडणार नाही. डेटाच्या फाइली सहसा मागे राहतात, पण साफसफाई करणारा तेही फोल्डर उडवतो. मग व्हायव्हात कच्ची रीडिंग्ज मागितली तर दाखवणार काय?

डीफॉल्ट इन्स्टन्स सहसा १४३३ पोर्टवर असतो. नाव दिलेल्या इन्स्टन्सला बहुधा दुसरा पोर्ट मिळतो, आणि तो कोणता हे एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही सर्व्हिस १४३४ वरून सांगते. पोस्टग्रेसमध्ये पहिला ५४३२ वर. उबंटूवर दुसरा बनवला की सहसा ५४३३. (पोस्टग्रेसवाले याला 'क्लस्टर' म्हणतात. गोंधळ वाढवायला हे नाव पुरेसं आहे.)

फुकट काहीच नाही. प्रत्येक इन्स्टन्स मेमरी खातो. एसक्यूएल सर्व्हरच्या मोठ्या आवृत्त्यांत मेमरीला आपण मर्यादा घातली नाही, तर इन्स्टन्स एकमेकांच्या तोंडचा घास काढतात. आठ जीबीच्या मशीनवर ही मर्यादा आधी घाला.

दोन्हीकडे एकाच नावाचा डेटाबेस असेल तर क्वेरी चालते, उत्तरही येतं, पण मागच्या वर्षीचं. म्हणून ग्राफ काढण्याआधी '@@सर्व्हरनेम' विचारून आपण कुठे जोडलोय ते बघा, आणि बॅकअप प्रत्येक इन्स्टन्सचा वेगळा घ्या.