आश्रयार्थींची बेघरता आणि निराधारता : ग्लासगो शहराच्या संदर्भात

प्रस्तावना

बेघरतेच्या अभ्यासात बेकारी, व्यसनाधीनता, कौटुंबिक कलह, आजारपण ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. परंतु परक्या देशात आश्रय मागणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ती अपुरी पडतात. तिने कोठे राहावे, काम करावे की नाही, आठवड्याला किती पैशांत भागवावे हे कायदा ठरवितो. साहजिकच ती रस्त्यावर केव्हा येते हेही बऱ्याच अंशी कायद्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या आधारे या प्रक्रियेचे टप्पे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

मराठीत 'निर्वासित' म्हटले की फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव आणि कल्याणजवळच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर आठवते. येथे अभिप्रेत असलेला अर्थ वेगळा आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती असल्याने स्वदेशाबाहेर राहिलेली आणि तेथील संरक्षण घेऊ न शकणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित होय. असे संरक्षण मिळावे म्हणून जिने अर्ज केला आहे, परंतु जिच्या अर्जाचा निर्णय झालेला नाही, ती व्यक्ती आश्रयार्थी होय. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. ब्रिटनने केली आहे.

'निराधार' या शब्दालाही ब्रिटिश कायद्यात निश्चित अर्थ आहे. ज्याच्याजवळ पुरेसा निवारा वा तो मिळविण्याचे साधन नाही, किंवा निवारा असूनही जो जीवनावश्यक गरजा भागवू शकत नाही, तो निराधार. आश्रयार्थीला मदत मिळते ती या कसोटीला उतरल्यावरच.

व्यवस्थेची रचना

१९९९ च्या कायद्याने आश्रयार्थींना सर्वसाधारण सामाजिक सुरक्षा योजनांतून वगळण्यात आले व त्यांच्यासाठी एप्रिल २००० पासून स्वतंत्र व्यवस्था सुरू झाली. लंडन व आग्नेय इंग्लंडवरील भार कमी व्हावा म्हणून त्यांना अन्य शहरांत पाठविण्याचे धोरण ठरले. शहर निवडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ग्लासगोच्या नगरपालिकेने ही जबाबदारी स्वीकारली. साइटहिल, रेड रोड यांसारख्या वसाहतींतील उंच इमारतींत, जेथे स्थानिक भाडेकरू राहण्यास नाखूश होते, अनेक सदनिका रिकाम्या होत्या. त्या आश्रयार्थींना मिळाल्या. पुढे बराच काळ स्कॉटलंडमधील आश्रयार्थींचा जवळजवळ संपूर्ण भार याच शहराने वाहिला.

आरंभी रोख रकमेऐवजी मुख्यत्वे कूपने दिली जात. टीकेनंतर ही पद्धत २००२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी, सहा महिन्यांनंतर काम करण्याची परवानगी मागण्याची सवलतही काढून घेण्यात आली. नंतर दीर्घकाळ निर्णय न झालेल्यांना अशी परवानगी मागता येऊ लागली. परंतु २०१० पासून ती मनुष्यबळाची टंचाई असलेल्या ठराविक व्यवसायांपुरती मर्यादित करण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये, स्वतः स्वयंपाक करून राहणाऱ्या आश्रयार्थीसाठी ठरलेली मदत आठवड्याला ४९.१८ पौंड होती. एवढ्या रकमेतून अडचणीच्या दिवसांसाठी शिल्लक राहणे अशक्यच. म्हणून मदत थांबते त्या दिवशी हाताशी काहीच नसते.

निराधारतेचे तीन टप्पे

पहिला टप्पा अर्जाच्या वेळचा. २००२ च्या कायद्यातील कलम ५५ जानेवारी २००३ मध्ये लागू झाले. देशात आल्यावर शक्य तितक्या लवकर अर्ज न करणाऱ्यास मदत नाकारण्याची तरतूद त्यात होती. काहींना त्यामुळे उघड्यावर झोपावे लागले. नोव्हेंबर २००५ मध्ये लिंबुएला खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की काम करण्यास मनाई असलेल्या व्यक्तीची मदतही तोडून तिला अशा अवस्थेत लोटणे ही अमानुष वा अवमानकारक वागणूक ठरू शकते व ती टाळणे शासनाचे कर्तव्य आहे.

दुसरा टप्पा अंतिम नकाराचा. अपील फेटाळले गेले, की एकट्या प्रौढाची मदत २१ दिवसांनी थांबते व घरही सोडावे लागते. येथे सहज प्रश्न पडतो, की अशी व्यक्ती मायदेशी परत का जात नाही? कोणाजवळ प्रवासाची कागदपत्रे नसतात, कोणाच्या देशात युद्ध चालू असते, तर कोणाला जिवाची भीती वाटत राहते. कलम ४ अन्वये मिळणारी मर्यादित मदत परतीची तयारी दाखविणाऱ्यांना किंवा परतणे अशक्य असल्याचे सिद्ध करणाऱ्यांना प्रामुख्याने मिळते. जुलै २०१८ मध्ये ग्लासगोत घरे पुरविणाऱ्या सर्को या कंत्राटदार कंपनीने नकार मिळालेल्या सुमारे ३०० जणांच्या घरांची कुलपे बदलण्याचे जाहीर केले. निदर्शने झाली, दावे दाखल झाले व ही कारवाई थांबली. मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने न्यायालयीन आदेशावाचून असे घराबाहेर काढणे बेकायदा नसल्याचा निर्णय दिला.

तिसरा टप्पा अर्ज मंजूर होण्याचा. हा सर्वांत अनपेक्षित आहे. निर्वासिताचा दर्जा मिळताच आश्रयार्थी म्हणून मिळणारे घर व मदत ठराविक मुदतीनंतर बंद होते. ही मुदत दीर्घकाळ २८ दिवसांची होती. डिसेंबर २०२४ पासून प्रायोगिक तत्त्वावर ५६ दिवसांची करण्यात आली आणि २०२५ मध्ये एकट्या प्रौढांसाठी पुन्हा २८ दिवसांवर आणली गेली. एवढ्या अवधीत बँकेत खाते उघडणे, अनुदानाचा अर्ज करणे, नोकरी शोधणे आणि अनामत रक्कम भरून घर मिळविणे अनेकांना साधत नाही. ज्या पत्राने संरक्षण मिळते, तेच पत्र बेघरतेची सुरुवात ठरते.

ग्लासगोची विशेष स्थिती

आश्रयाचे निर्णय ब्रिटनचे गृहखाते घेते; गृहनिर्माण हा मात्र स्कॉटलंडच्या अखत्यारीतील विषय आहे. स्कॉटलंडने २०१२ अखेर बेघरांमधील 'प्राधान्य गरजेची' अट रद्द केली. त्यामुळे, इंग्लंडमध्ये सामान्यतः वगळला जाणारा एकटा, सुदृढ निर्वासितही येथे तात्पुरत्या निवाऱ्यास पात्र ठरतो. कायदा उदार आहे. पण घरे अपुरी आहेत. प्रलंबित अर्ज वेगाने निकाली निघू लागल्यावर नगरपालिकेवरील ताण वाढला व ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तिने गृहनिर्माण आणीबाणी जाहीर केली. अंतिम नकार मिळालेल्यांना तर नगरपालिकेचे दारही बहुधा बंदच असते. त्यांच्यासाठी स्वयंसेवी संस्थांचे निवारे आणि घरातील रिकामी खोली देऊ करणारे नागरिक एवढाच आधार उरतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की अर्ज उशिरा आला, फेटाळला गेला किंवा मंजूर झाला, तरी तिन्ही प्रसंगी व्यक्ती रस्त्यावर येऊ शकते. एक मदत थांबण्याची तारीख कायद्यात निश्चित असते, दुसरी सुरू होण्याची नसते. या दोहोंमधील अंतरातच निराधारता निर्माण होते. तिचे परिणाम उपासमारीपुरते मर्यादित राहत नाहीत. पत्ता नसलेल्या माणसाला वकिलाचे पत्र मिळत नाही, सुनावणीची तारीख कळत नाही, नवा पुरावा गोळा करता येत नाही. ज्याचा दावा खरा आहे तोही तो सिद्ध करू शकत नाही. म्हणून पुढील आधार प्रत्यक्ष मिळेपर्यंत आधीचा निवारा चालू ठेवणे ही दयेची बाब नाही. आश्रयाचा अर्ज न्याय्य रीतीने तपासला जाण्याची ती किमान अट आहे.