लेबल हरवलेली तबकडी

आमच्या मालवणच्या घरी गणपतीत एक ठरलेला कार्यक्रम असे. रात्रीची आरती, भजन आटोपले की काका माळ्यावरून चावीचा फोनो खाली आणीत, नवी पिन बसवीत आणि एकच तबकडी लावीत. बाईचा आवाज, तीनेक मिनिटांचे पद. तेवढा वेळ घरातली लहानथोर सगळी गप्प बसत. हा आवाज अक्काचा, असे आम्हाला लहानपणापासून सांगितलेले होते. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, माझी आत्या. औषधपाण्यासाठी मुंबईला नेली तेव्हा तिने कुठल्याशा कंपनीत गाणे दिले, असे म्हणत. १९३१ साली ती गेली. काका तेव्हा दहा वर्षांचे होते. तिचा फोटो नाही. उरली ती ही तबकडी. पण तिचे लेबल मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने आणि बुरशीने पार खाल्लेले.

१९९६च्या गणपतीत माझ्या मनाने घेतले की, ही कंपनी शोधायची. कंपनी कळली तर तिच्या एखाद्या यादीत अक्काचे नाव छापलेले सापडेल, एवढाच हेतू होता.

लेबल नसलेली तबकडी ओळखायची कशी? तिच्या अंगावर इतर खुणा असतात. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना आपली गाणी काय कळणार? म्हणून गाणे संपताच गायिका इंग्रजीत स्वतःचे नाव सांगे. १९०८मध्ये कलकत्त्यालाच कारखाना निघाला. तेव्हा पहिला नियम हा की, जुनी तबकडी शेवटपर्यंत ऐकावी. आमची मी दहादा ऐकली. शेवटी फक्त खरखर होती.

दुसरी खूण तबकडीच्या घडणीत असते. एकाच बाजूला गाणे आणि पाठीवर पंखवाल्या देवदूताचे उठावाचे चित्र असेल तर ती ग्रामोफोन कंपनीची, कुत्र्याचे चित्र येण्याआधीची. आतून पुठ्ठा निघाला तर निकोल कंपनीची. सुई आतून बाहेर धावत असेल तर पाथे. लेबलाचा तुकडा शिल्लक असेल तर काम सोपे होते: घुमटाची इमारत दिसली तर ओडियन, कर्ण्यापाशी उभा पक्षी दिसला तर बेका, या दोन्ही कंपन्या जर्मन.

तिसरी खूण सगळ्यांत भरवशाची. गाण्याच्या रेघा संपतात आणि लेबल सुरू होते, त्यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीत बारीक आकडे उठवलेले असतात. तो मूळ साच्याचा क्रमांक. एचएमव्हीच्या तबकडीवर आकड्यापुढे छोटा त्रिकोण दिसला तर ते मुद्रण विजेवरचे, म्हणजे १९२५नंतरचे. त्याआधी गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे. बॅटरीचा झोत आडवा मारून भिंगाने पाहिले की आकडे दिसतात. पण धूळ झाडायला स्पिरिट लावू नका. तबकडी लाखेची, लाख त्यात विरघळते.

आमच्या तबकडीवर आकडे होते, त्रिकोण नव्हता. आवाज मात्र विजेवरच्या मुद्रणासारखा मोकळा होता. मग लेबलाच्या कडेला भिंग धरून बसलो. बुरशीतून काही इंग्रजी अक्षरे वाचता आली: ‘नॅशनल ग्रामो’. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. मुंबईची, कारखाना वडाळ्याला. तिच्या तबकड्यांवर नाव असे ‘यंग इंडिया’. मोठे गवई बड्या कंपन्यांशी करारांनी बांधलेले. म्हणून या स्वदेशी कंपनीने नवख्या आणि हौशी गळ्यांना हात दिला.

मी खूश होऊन साल पाहिले. कंपनीच्या तबकड्या निघू लागल्या १९३५पासून.

अक्का १९३१ साली गेली होती.

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. पासष्ट वर्षांचा हा ठेवा. त्याच्यावर बुरशी होती तेच बरे होते, असेही वाटले. मुंबईहून कोणीतरी एक तबकडी आणली असेल, आवाज अक्कासारखा वाटला असेल, आणि हळूहळू ती अक्काचीच झाली असेल. घरातल्या दुःखाला कुठेतरी टेकायला जागा लागते. पण गणपती विसर्जनाला निघायच्या आदल्या रात्री काकांनी फोनो काढला, तेव्हा मला राहवले नाही. सगळे सांगितले, कडेची अक्षरेही दाखवली.

काका बराच वेळ तबकडी हातात धरून बसले. मग म्हणाले, “तिचो आवाज नाय, तर नाय. पण ही गाणारीय कोणाची तरी भैण असतलीच मा? तिचां नाव सोधून काढ.” आणि त्यांनी तबकडी लावली.

मुंबईत १९९०मध्ये जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या १९०८पर्यंतच्या भारतीय मुद्रणांचा ग्रंथ १९९४मध्ये प्रसिद्ध केला. बड्या कंपन्यांची नोंद अशी होत गेली. छोट्या कंपन्यांसाठी दप्तरे गाठणारे थोडे. तिथे कितीक गळ्यांची नावे लेबलाच्या त्या वीतभरही नसलेल्या कागदावरच उरली आहेत. मालवणात, वेंगुर्ल्यात, देवगडात चाकरमान्यांनी आणलेल्या तबकड्या अजून माळ्यांवर असतील. भंगारवाल्याला देण्याआधी लेबलावरचे नाव आणि पट्टीतला आकडा वहीत उतरवून ठेवा. पुढच्या पावसात कागद राहील याची खात्री नाही.

काका आता नाहीत. गणपतीत तबकडी मी लावतो. पट्टीतला आकडा खिशातल्या डायरीत लिहिलेला आहे आणि जुन्या तबकड्या बाळगणारा कोणी भेटला की ती डायरी मी त्याच्यापुढे उघडतो. त्या बाईचे नाव अजून मिळालेले नाही.