बिल्ला बाहीवर, विज्ञान बांधावर

१५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला गेलात, की गळ्यात स्कार्फ बांधलेली पोरंपोरी संचलन करताना दिसतात. पाहुण्यांना सलामी होते, टाळ्या वाजतात, आणि स्काऊट म्हणजे एवढंच, असं समजून आपण घरी येतो. पण त्या पोराच्या बाहीवर जो लहानसा बिल्ला शिवलेला असतो तो कशाचा, हे कधी विचारलंत का? विचारा. कारण त्यातले काही बिल्ले थेट तुमच्या शेतीशी नातं सांगणारे आहेत.

स्काऊटची चळवळ बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडातल्या ब्राऊनसी बेटावरच्या शिबिरातून सुरू केली. आपल्या देशात निरनिराळ्या संघटना होत्या. त्या एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली. लहान मुलांसाठी कब आणि बुलबुल, दहा वर्षांपुढच्यांसाठी स्काऊट आणि गाईड, अशी तिची रचना आहे. स्काऊटला प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान चढावे लागतात. त्यापुढे राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार. या वाटेवर ठरावीक प्रावीण्य पदकं मिळवावी लागतात. शेतकरी, माळी, दुग्धव्यवसाय, वीजकाम, मृदसंधारण, सौरऊर्जा, संगणक, प्रथमोपचार असे विषय त्यात येतात. नावं वाचूनच कळेल, की हे शहरातल्या पोरांचे चोचले नव्हेत.

दोरी, बांबू आणि उताराचं गणित

स्काऊटला पहिल्यापासून गाठी आणि काठ्यांचे बंध शिकवतात. आता हीच कला बांधावर आणून बघा. दोन सारख्या उंचीचे बांबू घ्या, वरची टोकं एकत्र बांधा, खाली पाय फाकवा आणि मध्ये एक आडवी काठी बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला दगड लटकवा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला कुठे टेकते तिथे खूण करा. मग दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळीची खूण. दोरी त्या मध्यावर आली, की चौकटीचे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असं समजायचं.

ही चौकट शेतात एकेक पाऊल फिरवत न्या आणि प्रत्येक ठिकाणी चुन्याची फक्की टाका. ते ठिपके जोडले, की उताराला आडवी समपातळी रेषा तयार. त्या रेषेने नांगरट आणि पेरणी केली, की पाणी धावत नाही, मुरतं, आणि माती शेतातच राहते. खर्च किती? दोन बांबू आणि सुतळी! सातवीतलं पोरगं हे काम दुपारभरात शिकतं. पाणलोटाच्या कामात समतल चर कसे आखतात, हे गावकऱ्यांनाही मग नीट उमगतं.

सावली, पाऊस आणि माती

उंचीचा अंदाज घेणं हाही स्काऊटचा जुना धडा. एक मीटरची काठी उन्हात उभी केली आणि तिची सावली ८० सेंटिमीटर पडली. त्याच वेळी बांधावरच्या झाडाची सावली १२ मीटर भरली. तर झाड १५ मीटर उंच. वर्गात समरूप त्रिकोण म्हणून जे घोकलं जातं, ते हेच.

पावसाचंही तसंच. सरळ उभ्या कडांचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर ठेवलं आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाणी मोजलं, तर शाळेचं पर्जन्यमापक झालं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी, २५ मिलिमीटर झाला तर एक लाख लिटर. तालुक्याच्या मापकावर पाऊस दिसतो आणि आपल्या शिवारात धूळ उडते, ही तक्रार तुमची दरवर्षीची. पोरांनी पूर्ण पावसाळा वही नीट ठेवली, तर ग्रामसभेत बोलायला तुमच्या हाती निदान आकडा असेल. सरकारी मापकाची जागा ती वही घेणार नाही, पण पेरणी आज करायची की थांबायचं, या विचाराला तिचा उपयोग आहे.

मातीचा नमुना घेणंही पोरांना जमतं. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्यायचे, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. उकिरड्याजवळची, बांधालगतची किंवा झाडाखालची माती घ्यायची नाही. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. पण नमुनाच चुकीचा गेला, तर पत्रिकेवरच्या आकड्याला काय अर्थ?

जिवाशी गाठ

आता जरा गंभीर बोलू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. हे किती घरांत ठाऊक आहे? प्रथमोपचाराचा बिल्ला घेणाऱ्या मुलीला हे शिकवलं, तर ती घरी येऊन बापाला सांगेल. अंगावर औषध सांडलं तर कपडे काढून साबणाने अंग धुवायचं आणि दवाखान्यात जाताना डबा बरोबर न्यायचा, हेही सांगेल. मात्र पोरांना फवारणीच्या कामाला लावायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

विजेचंही तेच. वीजकामाच्या पदकासाठी फ्यूज का असतो, अर्थिंग कशासाठी, हे समजून घ्यावं लागतं. फ्यूजच्या जागी जाड तार घालून मोटार चालवणारे आपल्याकडे थोडे नाहीत. शॉक लागलेल्या माणसाला हाताने ओढायचं नाही, आधी वीजप्रवाह बंद करायचा, ही एक गोष्ट पोराला पक्की आली तरी बिल्ल्याचं चीज झालं.

शिकवणार कोण?

अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेने २०१२ साली विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितासाठी 'नोव्हा' नावाचे पुरस्कार सुरू केले. त्यातली एक पद्धत घेण्यासारखी आहे. मुलाने नुसतं वाचून चालत नाही. प्रत्यक्ष करून बघायचं, आणि विषय जाणणाऱ्या मोठ्या माणसाशी त्यावर चर्चा करायची. तो माणूस गुरुजीच असला पाहिजे असं नाही.

आपल्या गावात अशी माणसं नाहीत का? वायरमन आहे, कृषी सहायक आहे, पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आहेत, आरोग्यसेविका आहे, गवंडी आहे. महिन्यातून एक तास प्रत्येकाने शाळेला दिला, तरी पुष्कळ झालं.

खरी अडचण दुसरीच आहे. काही ठिकाणी पथक फक्त कागदावर असतं. तपासणीच्या आधी दोन दिवस वह्या लिहून होतात, उतारे एकमेकांचे असतात आणि बिल्ले शिवले जातात. दोष एकट्या गुरुजींवर ढकलू नका. त्यांच्यामागे जनगणना, निवडणूक आणि शंभर कामं आहेत. पण पोराला चौकट उभी करता येत नसेल, तर तो बिल्ला म्हणजे नुसता कापडाचा तुकडा. पालक म्हणून तुम्ही एवढंच म्हणा, "बाळा, बिल्ला मिळाला, छान. आता करून दाखव." हीच सर्वांत मोठी तपासणी.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी मनावर घेतलं, तर तीन गोष्टी सहज होतील. शाळेच्या आवारात पर्जन्यमापकाला मोकळी जागा द्या आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहू द्या. मृदसंधारणाच्या कामावर, आखणीच्या दिवशी, स्काऊट-गाईडच्या एका संघाला बोलवा. आणि गावातल्या जाणत्या माणसांची यादी करून मुख्याध्यापकांना द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पथक नोंदलेलं आहे का, किती मुलं कोणत्या सोपानावर आहेत, हे विचारा. पथक नसेल तर जिल्हा स्काऊट-गाईड कार्यालयाकडे चौकशी करा. मुलींचं गाईड पथकही त्याच वेळी मागा. शेतीतली निम्म्याहून अधिक कामं बायाच करतात, मग माती-पाण्याचं शास्त्र त्यांच्या लेकींना का नको?

मृग लागायच्या आत बांबू आणि सुतळी शाळेत पोचवा. बाकीचं पोरं करतील.