मुलाखत मास्तरची, परीक्षा आपली

ऊस विकास अधिकाऱ्याचे महाविद्यालयाच्या मुलाखतीत काय काम, असे सभासद बंधू-भगिनींना वाटेल. आम्हालाही वाटले होते. पंचवटीतील एका महाविद्यालयाने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अल्प मुदतीचा कृषी अभ्यासक्रम काढला आहे. त्यासाठी तासिका तत्त्वावर एक शिक्षक घ्यायचा होता. उसाचा जाणकार म्हणून आम्हाला बोलावणे आले आणि आम्ही सकाळच्या एसटीने निमाणी स्टँडवर उतरलो.

साखर आणि शाळा यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. प्रवरानगरला १९५० साली कारखाना उभा राहिला, पाठोपाठ १९६४ साली शिक्षणसंस्था आली. निफाडच्या सहकारी चळवळीतले कर्मवीर काकासाहेब वाघ यांच्या नावाच्या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून पंचवटीतच आहे. तेव्हा वर्गात कोण उभा राहतो, हा आपल्याही घरचा प्रश्न आहे.

जागा एक, उमेदवार नऊ. प्रत्येकाने दहा मिनिटे फळ्यावर ‘खोडवा व्यवस्थापन’ शिकवायचे, मग प्रश्न. पहिल्या उमेदवाराचे गुण उत्तम, पण सगळा पाठ त्याने कागदावरून वाचला. आम्ही विचारले, “शेतकऱ्याने पाचट आधीच पेटवले असेल तर काय सांगाल?” तो म्हणाला, “पेटवायला नको होते.” खरेच आहे, पण त्या शेतकऱ्याने आता करायचे काय?

दिंडोरीकडच्या एका मुलाचे गुण बेताचे होते. त्याने पिशवीतून उसाचे दोन बुडखे काढून टेबलावर ठेवले. एक उंच तुटलेला, एक जमिनीलगत छाटलेला. उंच बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात, जमिनीलगत छाटला की खालचे डोळे जोमाने फुटतात, हे त्याने बोट ठेवून दाखवले. पाचटाचा प्रश्न त्यालाही घातला. “जळालं ते गेलं. आता बुडखे छाटा, खत-पाणी वेळेवर द्या. पुढच्या साली निदान दोन सऱ्यांत पाचट ठेवून बघा, असं सांगेन.” एका रोगाबद्दल विचारले, तेव्हा सरळ म्हणाला, “माहीत नाही सर. पाडेगावच्या संशोधन केंद्रात विचारून सांगेन.” आमच्या मनात तो तिथेच भरला.

आता अवघड गोष्ट सांगतो. आदल्या संध्याकाळी आमच्या गटातले एक सभासद घरी आले होते. “साहेब, पोरगी उद्या येतेय. दोन हंगामांची बिलं तिच्या शिक्षणात घातलीत. तेवढं बघा.” आम्ही ही गोष्ट प्राचार्यांच्या कानावर घातली आणि तिच्या वेळी खोलीबाहेर बसलो. मुलगी हुशार. पाठ चांगला झाला, प्रश्नांना मात्र आवाज खाली गेला, असे नंतर समजले. तिचा नंबर दुसरा आला. सभासद म्हणाले, “आपला माणूस असून उपयोग काय?” आम्ही म्हटले, “अण्णा, त्या वर्गात बसणारी पोरंही आपलीच आहेत.” ते काही न बोलता निघून गेले.

त्यांचा राग आम्ही समजू शकतो. तासिका तत्त्वावर शिकवले तेवढ्या तासांचेच पैसे, सुटीत काही नाही. कायम जागेसाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. पात्र मुले वर्षानुवर्षे ताटकळतात. पण चिठ्ठीने हा गुंता सुटत नाही, एकाचा सुटला तर दुसऱ्याचा वाढतो.

मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना चार गोष्टी सांगतो. पाठ घरात मोठ्याने म्हणून बघा, ऐकायला आईवडिलांना बसवा. त्यांना समजला नाही तर विद्यार्थ्यांनाही समजणार नाही. तोंड फळ्याकडे नको, माणसांकडे ठेवा. येत नसेल ते येत नाही म्हणा. मूळ कागद आणि छायांकित प्रती आदल्या रात्रीच लावून ठेवा.

गट कार्यालयात दर शनिवारी दुपारी आम्ही सरावाचा पाठ घेतो आहोत. पहिल्या शनिवारी तीच मुलगी आली. वडील बाहेर मोटारसायकलवर बसून राहिले. पुढच्या शनिवारी ते आत आले आणि शेवटच्या बाकावर बसून पाठ ऐकू लागले.

ज्यांना यायचे त्यांनी जरूर यावे. शिफारसपत्र आणू नये. खडू आमच्याकडे आहेत.