स्वायत्तता मंत्रालयाच्या पायरीवर

सीबीडी बेलापूर स्टेशनाबाहेर पडून थोडी पायपीट केली, की भारतीय संघराज्याची निम्मी शिकवणी फुकटात होते. सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये केंद्र सरकारची कार्यालये. कोकण भवनात राज्य सरकार. जवळच सिडको भवन: कागदावर कंपनी, भांडवल सगळे राज्य सरकारचे आणि शहराच्या जमिनीची मालकी तिच्या हाती. नवी मुंबई महापालिकेचे मुख्यालय जरा लांब, पाम बीच रस्त्याच्या टोकाला, उंच झेंड्यामुळे दुरून दिसणारे. चौघांत देखणी इमारत तीच, आणि चौघांत हात सर्वांत तोकडे तिचेच.

इथे घर घेतलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. घर आपले, पण जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्याने. पाणीपट्टी भरायची महापालिकेकडे, घर विकायचे तर हस्तांतरणाची परवानगी सिडकोची. मोरबे धरण या महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे आणि त्याचा आम्हाला फार अभिमान. स्वतःचे धरण असलेले हे शहर, पायाखालची जमीन मात्र दुसऱ्याची!

केंद्राकडची सत्ता राज्यांकडे आणू, हे आश्वासन विरोधी आघाड्या सत्तर वर्षे देत आल्या आहेत. त्याकडे दिल्लीतून बघणारे पुष्कळ आहेत. मला ते बेलापुरातून बघावेसे वाटते, कारण ते आश्वासन नेमके कुठे येऊन थांबते हे इथून स्वच्छ दिसते.

नवी मुंबई विमानतळाच्या नावाचेच घ्या. सिडको आली १९७० साली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसवायला. या गावांचे पुढारी दि. बा. पाटील, जासईचे. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप). जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आजही इथल्या आगरी-कोळी घरांत ‘साडेबारा टक्के’ एवढेच म्हटले तरी पुढचे काही सांगावे लागत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये सिडकोच्या संचालक मंडळाने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला. राज्यात तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते. म्हणजे दिल्ली राज्यांना विचारत नाही, अशी तक्रार रोज करणारे सरकार. त्या सरकारच्या कंपनीने ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांना विचारले नाही. १० जूनला गावकऱ्यांनी मानवी साखळी केली आणि २४ जूनला, दि. बां.च्या स्मृतिदिनी, हजारो लोक सिडको भवनावर धडकले. वर्षभराने, २९ जून २०२२ रोजी, पायउतार होण्याच्या दिवशी त्याच सरकारच्या मंत्रिमंडळाने दि. बा. पाटील यांचे नाव मान्य केले. पुढच्या सरकारने तो निर्णय पुन्हा घेतला, विधिमंडळाने ऑगस्टमध्ये ठराव केला आणि कागद दिल्लीला गेला. पुढे तीन वर्षे लोटली. मुंबईत आणि दिल्लीत तेव्हा एकाच आघाडीची सरकारे होती. तरीही ८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा नावाची अधिकृत घोषणा झालेली नव्हती.

याचे कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. विमानतळ हा केंद्रसूचीतला २९ वा विषय. जमीन राज्यसूचीतली १८ वी नोंद. महापालिका राज्यसूचीतली ५ वी. शहराची स्वतःची अशी सूचीच नाही. ते दुसऱ्याच्या सूचीतली एक ओळ आहे.

हे आश्वासन किती जुने, तेही दि. बां.पासूनच सांगता येते. ते पहिल्यांदा आमदार झाले ते १९५७ मध्ये, पनवेलमधून, आणि ती निवडणूक साधी नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य जन्माला घातले गेले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून जनसंघ-हिंदुमहासभेपर्यंत सगळे एका मांडवाखाली आले. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे यांना एकत्र ठेवणे म्हणजे तीन तऱ्हेच्या फटाक्यांची एकच माळ ओवणे. पण पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली गेली आणि १ मे १९६० ला राज्य मिळाले. देशातल्या विरोधी आघाड्यांनी दिल्लीकडून जे मागितले आणि पदरात पाडले, त्यात माझ्या मते हे सर्वांत मोठे.

समितीची मागणी मात्र राज्याची होती. राज्याला जास्त अधिकार द्या, ही मागणी वेगळी. हा फरक आपल्याकडे फार कोणी मनावर घेतला नाही. तमिळनाडूत द्रमुकने १९६९ मध्ये न्यायमूर्ती राजमन्नार यांची समिती नेमली, १९७१ ला अहवाल आला. एप्रिल २०२५ मध्ये स्टालिन यांनी न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांची समिती नेमली, विषय तोच. तिकडे स्वायत्ततेची भाषा कलमांची आणि हिशोबाची. आपल्याकडे ती अस्मितेची. सभेला शोभते, पण वहीत मांडता येत नाही.

देशपातळीवर पहिली मोठी परीक्षा १९७७ ला झाली. आणीबाणीच्या पोळवणाऱ्या अनुभवातून आलेला जनता पक्ष विकेंद्रीकरणाची भाषा बोलत होता. त्या लाटेत दि. बा. कुलाबा (आजचा रायगड) मतदारसंघातून खासदार झाले. सत्तेवर येऊन महिना-दीड महिना होतो न होतो, तोच जनता सरकारने काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांतल्या विधानसभा बरखास्त करायला घेतल्या. तीन वर्षांनी इंदिरा गांधी परतल्या आणि १७ फेब्रुवारी १९८० ला त्यांनीही नऊच विधानसभा मोडल्या. त्यात महाराष्ट्रही होता. शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार, ज्यात शेकापही होता, त्यात गेले. आपला तो बाब्या! ही सवय मोडायला सर्वोच्च न्यायालयात बोम्मई खटल्याचा निकाल यावा लागला, ११ मार्च १९९४ ला, नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा.

आश्वासने सगळीच वाया गेली असे मात्र नाही. १९८३ मध्ये बिगरकाँग्रेस पक्षांच्या परिषदा विजयवाड्यापासून श्रीनगरपर्यंत भरल्या. त्याच वर्षी केंद्राला सरकारिया आयोग नेमावा लागला. त्याच्या २४७ शिफारशी. त्यातली आंतरराज्य परिषद व्ही. पी. सिंग यांच्या राष्ट्रीय आघाडी सरकारने मे १९९० मध्ये स्थापन केली. १९९० ते २०१६ या काळात तिच्या बैठका झाल्या अकरा. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा याहून नियमित भरते.

खरा झगडा पैशाचा. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ४२ टक्के केला, पंधराव्याने ४१. पण उपकर आणि अधिभार यांतून येणारा पैसा या वाटणीत धरत नाहीत. जेवायला सगळ्यांना बसवायचे आणि तुपाची वाटी आपल्याच पानाशेजारी ठेवायची, तसे हे. २०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने उपकर-अधिभारावर पाच टक्क्यांची मर्यादा घालण्याचे आणि समवर्ती सूचीतले काही विषय राज्यांकडे देण्याचे आश्वासन दिले होते. सभांतल्या घोषणांपेक्षा मला हे ठोस वाटले. आकडा आहे, म्हणजे उद्या जाब विचारता येतो.

आता हाच हिशोब एक पायरी खाली आणा. नवी मुंबई महापालिकेला जकात नव्हती, उपकर होता. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे तो भरघोस येई. २०१३ मध्ये त्याच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीत उरलासुरला गेला. बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देते. महाराष्ट्र दिल्लीकडे थकबाकी मागतो त्याच सुरात महापालिका मुंबईकडे डोळे लावून बसते. गाऱ्हाणे तेच, पत्ता तेवढा बदललेला.

भूखंडांचेही तेच. महापालिकेने विकास आराखड्यात मैदान, शाळा, रुग्णालय यांसाठी आरक्षण टाकायचे आणि जमीन विकण्याचा हक्क सिडकोचा, यावरून दोघांत वर्षानुवर्षे तंटा आहे. मध्यस्थ कोण? नगरविकास खाते. म्हणजे सिडकोचा मालक आणि महापालिकेचा पालक एकच.

आणि नगरसेवक? त्यांची मुदत मे २०२० मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असे घटनेचे कलम २४३-यू सांगते. आधी करोना, मग आरक्षणाचे खटले आणि प्रभागांची मोडतोड यांत पाच वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाने चालवले. त्या काळात मंत्रालयात दोन्ही आघाड्या बसून गेल्या. राज्याच्या हक्कांवर दोघींची भाषणे झाली.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिने बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय लिहिले. पण कलम २४३-डब्ल्यू मध्ये क्रियापद असे बसवले आहे की राज्य विधिमंडळ हे अधिकार ‘देऊ शकेल’. ‘देईल’ असे तिथे लिहिलेले नाही. एवढ्या एका शब्दावर तीस वर्षे मंत्रालय निवांत आहे. कुठल्याही आघाडीचा जाहीरनामा हाती आला की स्वायत्ततेचे पान उघडून मी आधी क्रियापद बघतो.